देवाने आधीच ठरवलंय, मग खलाशी कशाला लागतात?

आमच्या शेजारी एक तांडेल काका राहतात. साठी कधीच ओलांडली, हर्णै बंदरात उभी हयात बोट चालवण्यात गेली, आता मुलगा बघतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा काका दिवसभर ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून गप्पा मारतात. मी ख्रिस्ती, इथे आमची मोजकीच घरं, रविवारी दुपारी घरातच पाच-सहा पोरांना जमवून पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगतो. तर एका रविवारी पोरं गेल्यावर काकांनी मला थांबवलं. म्हणाले, "काय रे, तुमच्या देवाला सगळं आधीच ठाऊक ना? आणि त्याच्या मर्जीशिवाय काय होत नाय म्हणता. मग पोरांना चांगलं वागा चांगलं वागा शिकवतोस कशाला? ज्याचं जसं ठरलंय तसा तो वागेलच की."

मी जरा गप्पच झालो, कारण हा प्रश्न काकांचा एकट्याचा नाहीये, यावर ख्रिस्ती लोक आपापसात दीड हजार वर्षांहून जास्त काळ भांडतायत आणि काही वेळा तर भलतेच तुटून भांडलेत. तरी जेवढं मला कळलंय तेवढं सोप्या भाषेत लिहून बघतो.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. ख्रिस्ती विश्वास एकाच वेळी दोन गोष्टी धरून असतो. एक, देव सार्वभौम आहे, म्हणजे सगळ्यावर त्याची सत्ता, त्याच्या हाताबाहेर काहीच नाही, चिमणीसुद्धा त्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही असं येशू म्हणतो. दोन, माणूस आपल्या वागण्याला जबाबदार आहे, त्याला निवड करायला सांगितलंय, पश्चात्ताप कर म्हणून सांगितलंय, आणि नाही केला तर जाबही त्यालाच विचारला जाणार आहे. आता पहिली गोष्ट पूर्ण खरी मानली तर दुसरी लुटुपुटूची वाटते. आणि दुसरी पूर्ण खरी मानली तर देव नुसता किनाऱ्यावर उभा राहून बघणारा होतो.

गंमत म्हणजे शास्त्राला यात काही अडचण वाटतच नाही, ते दोन्ही एकाच दमात बोलून टाकतं. शेवटच्या भोजनाच्या वेळी यहूदाबद्दल, म्हणजे त्याला पकडून देणाऱ्या शिष्याबद्दल, बोलताना येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र ठरल्याप्रमाणे जातोय खरा, पण ज्याच्या हातून तो धरून दिला जातोय त्या माणसाची केवढी दुर्दशा. एकाच वाक्यात! ठरलेलं पण आहे आणि यहूदा दोषी पण आहे. येशूचा प्रेषित पौल फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहितो की भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, आणि पुढच्याच वाक्यात कारण काय देतो, तर तुमच्यात इच्छा करणारा आणि कृती करणारा देव आहे. आपण 'कारण'च्या जागी 'पण' टाकला असता, तो मात्र 'कारण' म्हणतो. मला बरीच वर्षं ती चूक वाटायची.

आता काकांच्या प्रश्नात एक गोष्ट लपलेली आहे ती आधी बाजूला काढतो. काका 'ठरलंय' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात नशीब असतं. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, नंतर कितीही घासलं तरी पुसत नाही. ख्रिस्ती माणूस सार्वभौमत्व म्हणतो तेव्हा त्याला हे म्हणायचं नसतं. नशिबाशी बोलता येत नाही, नशीब कुणावर प्रेम करत नाही, त्याला दया येत नाही. शास्त्रातला देव बाप आहे, तो रागावतो, वाट बघतो, लोकांना परत बोलावतो. योनाची गोष्ट आठवा, निनवे शहराला चाळीस दिवसांची मुदत दिली, शहराने पश्चात्ताप केला आणि देवाने अरिष्ट आणलं नाही, तेव्हा सगळ्यात जास्त चिडला तो संदेश घेऊन गेलेला योना. कपाळावरच्या लिखाणात अशी गोष्ट घडूच शकत नाही.

आणि म्हणूनच 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' हे ख्रिस्ती लोकांच्या तोंडी सुद्धा बसत नाही, जरी आमच्यातले काही जण 'प्रभूची इच्छा' म्हणत अगदी तेच करत असतात. (नोकरीचा अर्जच भरायचा नाही आणि प्रभूने दार उघडलं नाही म्हणायचं, असे मी दोन-तीन जण ओळखतो, त्यातला एक मीच होतो.)

पुढचा मुद्दा, आधी माहीत असणं आणि करायला लावणं यातला फरक. आमच्या घरी भिंतीवर भरती-ओहोटीच्या वेळा दिलेलं कॅलेंडर असतं. त्यात छापलंय म्हणून भरती येत नाही, भरती येणार आहे म्हणून छापलंय. तसंच देवाला उद्याचं माहीत आहे म्हणून मी उद्या खोटं बोलेन असं नाही, मी बोलणार आहे म्हणून त्याला माहीत आहे. तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस यासाठी उंच जागेचा दाखला देतो. रस्त्याने चालणाऱ्याला मागून कोण येतंय ते दिसत नाही, पण उंचावर उभा असलेल्याला सगळा रस्ता एकदम दिसतो. आपल्याकडचं सांगायचं तर हर्णैच्या दीपगृहावर चढा, सुवर्णदुर्गाला वळसा घालून येणारी बोट आणि बंदरात लागलेली बोट दोन्ही तुम्हाला एकाच वेळी दिसतील, खालच्या माणसाला एक 'आत्ता' आहे आणि एक 'नंतर' आहे. देव काळाच्या बाहेर आहे, त्याला आपलं काल-आज-उद्या एकदम समोर दिसतं, असं हे उत्तर.

छान आहे ना? मला पण कॉलेजात असताना एकदम छान वाटलेलं. पण यात एक भोक आहे. कॅलेंडर छापणाऱ्याने समुद्र बनवलेला नाही. देवाने बनवलाय. ज्याने समुद्रही केला, चंद्रही केला, आणि मलाही केलं माझ्या या स्वभावासकट, त्याला 'मला फक्त माहीत होतं' एवढं म्हणून सुटता येत नाही. म्हणजे नुसत्या 'माहीत असण्या'ने प्रश्न सुटत नाही, आणि खरं भांडण इथून सुरू होतं.

पहिलं मोठं भांडण पाचव्या शतकाच्या सुरुवातीचं. ब्रिटनकडून आलेला पेलागियस नावाचा एक कडक शिस्तीचा साधू म्हणत होता की देवाने आज्ञा दिल्या म्हणजे त्या पाळायची ताकद माणसात आहेच, आळस करू नका. ऐकायला एकदम बरोबर वाटतं, आपल्या शाळेतल्या मास्तरांसारखं. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन (३५४ ते ४३०) म्हणाला की बाबा, तू माणसाला ओळखलंच नाहीस. माणसाची इच्छा आहे, पण ती आजारी आहे, ती स्वतःहून देवाकडे वळतच नाही, आधी देवाची कृपा येते मग माणूस वळतो. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. पुढे ५२९ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेत ऑरेंज इथे परिषद भरली, तिने सांगितलं की सुरुवात कृपेचीच, पण देवाने कुणाला वाईटासाठी नेमलंय असं म्हणणाऱ्याचा मात्र आम्ही धिक्कार करतो. मला ही परिषद आवडते, थोडक्यात आटपली आणि दोन्हीकडचं टोक कापलं.

मग हजार वर्षांनी धर्मसुधारणेच्या काळात, म्हणजे प्रॉटेस्टंट लोक रोमपासून वेगळे झाले तेव्हा, सगळं परत उकरलं गेलं. १५२४ मध्ये इरॅस्मसने माणसाच्या इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं, १५२५ मध्ये मार्टिन लूथरने त्याला उत्तर दिलं की तुमची इच्छा गुलाम आहे हो, स्वतंत्र कसली. जिनिव्हात जॉन कॅल्विनने हेच आणखी नीट मांडलं. त्याच्या पश्चात हॉलंडमध्ये याकोब आर्मिनियस नावाच्या प्राध्यापकाला हे पटेना, तो १६०९ ला वारला, पण त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचं निवेदन काढलं, आणि त्यावर निकाल द्यायला १६१८-१९ मध्ये डॉर्ट शहरात सभा भरली, काही महिने चालली, निकाल आर्मिनियसवाल्यांच्या विरुद्ध गेला.

आता यात दोन्ही बाजू 'स्वतंत्र' हाच शब्द वापरतात आणि त्यांना वेगळं काहीतरी म्हणायचं असतं, हे लक्षात आलं की अर्धा गोंधळ संपतो. एक मांजर घ्या. तिच्यापुढे एका ताटलीत ताजा बांगडा ठेवा आणि दुसऱ्या ताटलीत काकडी. मांजर बांधलेली नाहीये, काकडीकडे जायला तिला कुणी अडवलेलं नाहीये. तरी ती काकडीकडे कधी जाईल का? कॅल्विनच्या बाजूचे म्हणतात माणूस असा आहे, तो त्याला हवं ते अगदी मोकळेपणी करतो, जबरदस्ती कुणाची नाही म्हणून जबाबदार तोच, पण 'हवं ते' हेच बिघडलेलं आहे. त्याला देव नको असतो. म्हणून देवाने आधी आतून मन बदलायला लागतं, आणि ते बदललं की माणूस खुशीने येतो, ओढत आणावं लागत नाही. आर्मिनियसच्या बाजूचे म्हणतात की बिघाड मान्य, पण 'स्वतंत्र' म्हणजे एवढंच नव्हे, स्वतंत्र म्हणजे दोन्हीपैकी कुठलीही ताटली खरोखर निवडता येणं. देव सगळ्यांनाच तेवढी कृपा आधी देतो की माणूस हो किंवा नाही म्हणू शकतो. पुढे अठराव्या शतकात जॉन वेस्लीने हेच मत धरलं, मेथॉडिस्ट मंडळी त्याच्याच मागची. आमची एक आत्या लग्नानंतर मुंबईत मेथॉडिस्ट चर्चला जायला लागली, ती सुट्टीत आली की आजोबांचा आणि तिचा या विषयावर असा वाद व्हायचा की चहा थंड व्हायचा.

कॅथलिकांच्यात हे भांडण नव्हतं असं समजू नका. स्पेनमधला लुईस दे मोलिना नावाचा जेजुइट (कॅथलिकांचा एक साधुसंघ), त्याने १५८८ मध्ये एक तोडगा काढला. आपल्या भाषेत सांगायचं तर मुरलेल्या तांडेलाला आपला एकेक खलाशी पुरता ठाऊक असतो, वारा फिरला की हा नांगराकडे धावेल, तो शिव्या देईल, तिसरा देवाला हाका मारेल. तो कुणाला कळसूत्री बाहुलीसारखं नाचवत नाही, पण कुणाला कधी कुठे उभं करायचं ते ठरवतो आणि बोट त्याला हवी तिथेच लागते. देवाला तर प्रत्येक माणूस कुठल्या परिस्थितीत स्वखुशीने काय करेल हे चुकूनही न चुकता माहीत आहे, म्हणून माणूस मोकळा आणि योजना देवाची. दुसऱ्या एका संघाच्या, डोमिनिकन साधूंना हे अजिबात पटलं नाही, त्यांना वाटलं देव माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहिला. प्रकरण रोमला गेलं, १५९८ पासून सुनावण्या सुरू झाल्या, आपल्याकडे सामाईक सातबाऱ्याच्या केसेस चालतात तशा चालल्या, शेवटी १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने सांगितलं की दोघांनी आपापलं मत ठेवा, एकमेकांना पाखंडी म्हणू नका. निकाल दिलाच नाही. आजतागायत दिलेला नाही.

हे सगळं युरोपातलं झालं, आपल्या कोकणाचा याच्याशी काय संबंध? आहे ना. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले आणि हर्णैपर्यंत काम सुरू केलं, तिकडे खाली वेंगुर्ल्याला नंतर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन आलं, दवाखाना काढला. ही सगळी मंडळी कॅल्विनच्या वळणाची, त्यांचा विश्वासाचा मसुदा १६४६ चा वेस्टमिन्स्टरचा. त्यात एक वाक्य असं आहे की जे काही घडतं ते देवाने नेमलंय, आणि लगेच पुढे, तरी देव पापाचा कर्ता नाही आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही. माझे आजोबा असल्याच वळणात वाढलेले, ते हे दोन्ही भाग एका श्वासात म्हणायचे आणि मग चष्मा काढून पुसायचे. चष्मा पुसायला लागले की पुढचा प्रश्न विचारायचा नाही असं आम्हा पोरांना माहीत होतं.

कोकणातलाच आणखी एक माणूस बघा, रेव्हरंड नारायण वामन टिळक, जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आगगाडीत त्यांना एक अनोळखी साहेब भेटला, नवा करार हातात दिला आणि म्हणाला की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आता कुणी ठरवलं हे? साहेबाने तर नक्कीच नाही, तो बोलून गेला आणि उतरला. मधल्या काळात वाचलं टिळकांनी, मनाशी झगडले टिळक, घरदार आणि जात तुटणार हे दिसत असून पाऊल उचललं टिळकांनी. आणि त्याच घरात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लगेच त्यांच्या मागे गेल्या नाहीत, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी धर्म बदलला नाही, आणि पुढे स्वतःला पटल्यावरच बाप्तिस्मा घेतला. दोघांनाही विचारलं असतं तर 'निर्णय माझा' म्हणाले असते आणि 'आणलं देवाने' असंही म्हणाले असते. दोन्ही खरं, आणि दोन्हीची बेरीज शंभर टक्के करायचीच नाही, इथेच आपण फसतो. आपण समजतो नारळाच्या वाटणीसारखं आहे, देवाचा वाटा मोठा झाला की माझा कमी झाला. पण लेखक आणि त्याच्या गोष्टीतलं पात्र यांच्यात कुणी वाटणी करतं का? पात्राने अमुक केलं हेही पूर्ण खरं आणि लेखकाने लिहिलं हेही पूर्ण खरं. (हा दाखलाही शेवटपर्यंत पुरत नाही, पात्राला भूक लागत नाही. पण वाटणीपेक्षा बरा.)

सगळ्यात अवघड जागा वेगळीच आहे, ती टाळून पुढे गेलो तर फसवणूक होईल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात ज्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा होत्या त्यांना विचारा, वीस-पंचवीस वर्षांची झाडं काही तासांत आडवी. आमच्या घराचे पत्रे गेले. तेव्हा एका पाहुण्याने फोनवर मला सांगितलं की ही लोकांच्या पापाची फळं. मी फोन ठेवून दिला, खरं तर जोरात ठेवला. देव सार्वभौम आहे तर वादळ त्याच्या हाताबाहेर होतं असं मी म्हणू शकत नाही. काही जण 'देवाने फक्त होऊ दिलं' म्हणतात, कॅल्विनला हे उत्तर पळवाट वाटायचं, कारण थांबवू शकत असून होऊ देणं हेही ठरवणंच. मान्य. पण येशूकडे हाच प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, तेव्हा त्याने विचारलं की ते यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का, आणि स्वतःच नाही म्हणून सांगितलं. बुरूज का पडला ते मात्र सांगितलं नाही. म्हणजे सत्ता देवाची आहे एवढं मला सांगायची परवानगी आहे, कुणाचे पत्रे का उडाले याचा हिशोब मांडायची नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलं का? छे. डॉर्ट-बिर्ट ऐकून ते उठून गेले असते. मी त्यांना समुद्राची गोष्ट सांगितली, नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली, अध्याय २७.

पौल कैदी आहे, त्याला कैसरापुढे, म्हणजे रोमी सम्राटापुढे, उभं करायला रोमला नेतायत. जहाज आलेक्सांद्रियाचं, गहू भरलेला, माणसं २७६. हंगाम संपत आलेला, पौल म्हणाला आता पुढे जाऊ नका, पण शताधिपतीने (शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याने) जहाजाच्या तांडेलाचं आणि मालकाचं ऐकलं. इथे काका जाळं बाजूला ठेवून म्हणाले, "मालकाच्या नादाला लागून बंदर सोडलं म्हणजे मेलेच."

ईशान्येकडून वादळी वारा सुटला. बरेच दिवस ना सूर्य ना तारे, सामान फेकलं, आशा सोडली. मग पौल उठून म्हणाला की रात्री देवदूत येऊन सांगून गेला, जहाज जाईल पण तुमच्यातलं एकही माणूस मरणार नाही. झालं, देवाने ठरवून टाकलं. चौदाव्या रात्री जमीन जवळ वाटायला लागली, पाणी मोजलं तर वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), थोडं पुढे पंधरा वाव. मागून चार नांगर टाकले. तेवढ्यात खलाशांनी डाव साधला, नाळीकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, पण नांगर टाकतो असं दाखवत छोटी होडी खाली सोडली, म्हणजे पळून जायचा बेत. पौलाने ते बघितलं आणि शिपायांना सांगितलं, हे जहाजात राहिले नाहीत तर तुमचा जीव वाचायचा नाही.

काकांनी मला इथे पकडलं. "थांब थांब. आत्ताच तर बोललास ना एकही मरणार नाय म्हणून? ठरलंय ना? मग गेले खलाशी तर जाऊ देत की."

हाच तर प्रश्न, काका. जो माणूस 'एकही मरणार नाही' म्हणाला तोच म्हणतोय 'हे गेले तर मराल', आणि त्याला यात काही विसंगत वाटत नाहीये. देवाने माणसं वाचवायचं ठरवलं ते खलाशांच्या हातांसकट ठरवलं. शिपायांनी होडीचे दोर कापले, हे ठरलेल्याच्या आतलंच काम. मग पौलाने सगळ्यांना जेवायला लावलं, उरलेला गहू समुद्रात ओतून जहाज हलकं केलं. सकाळी जहाज वाळूत रुतलं, मागचा भाग लाटांनी फुटला, शिपाई म्हणाले कैदी पळतील, मारून टाका, शताधिपती म्हणाला नाही. पोहता येणारे पोहले, बाकीचे फळ्या धरून माल्टाच्या किनाऱ्याला लागले. २७६ च्या २७६.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. जाळ्यातली एक गाठ सोडवत बसले. मला वाटलं पटलं बहुतेक, किंवा मनातल्या मनात पुढचा प्रश्न तयार करतायत.

मग म्हणाले, "दोर कापणारे शिपाई हुशार हां. पण सगळा गहू समुद्रात? मालक काय बोलला नंतर, ते नाय दिलंय काय त्यात?"